‘७.४९ लाखांपासून*’ : गाड्यांच्या जाहिरातीतली चांदणी आणि तिच्याखालची मुंगीएवढी अक्षरं

निवांत_नारायण

मंडळी, मेहुण्याला गाडी घ्यायचीय आणि बहिणीने "तू बरोबर जा, तो कुठेही सही करतो" म्हणून मला त्याच्या मागे लावलंय, त्यामुळे हल्ली रविवार शोरूममध्ये जातात. त्यातून हा धागा.

पेपरचं अख्खं पहिलं पान जाहिरात. लाल गाडी, सनरूफ, चकाचक अलॉय, मागे सह्याद्रीचा कडा आणि खाली पाव पानभर अक्षरात "७.४९ लाखांपासून*". पुढे "१ लाखापर्यंतचे फायदे*" आणि "ईएमआय फक्त ९,९९९*". तीन आकडे, तीन चांदण्या. मेहुण्याचा चष्मा आणि माझा मोबाईलचा कॅमेरा झूम करून खालचं वाचलं तर "छायाचित्रातील अ‍ॅक्सेसरीज स्टँडर्ड फिटमेंटचा भाग असतीलच असे नाही, ऑफर निवडक व्हेरियंटवर, स्टॉक असेपर्यंत, कर्ज फायनान्सरच्या मर्जीनुसार".

यात खोटं असं एक वाक्यही नाहीये, आणि मेख तिथेच आहे. ७.४९ खरे, पण ते बेस व्हेरियंटचे, ज्याला सनरूफ सोडा, म्युझिक सिस्टीमपण नाही. एक लाखाचे फायदे खरे, पण ज्याच्याकडे त्याच कंपनीची जुनी गाडी आहे, जो ती एक्स्चेंजला देतोय, जो त्यांच्या यादीतल्या कंपनीत नोकरीला आहे आणि वर मागच्या वर्षी बनलेला स्टॉक घ्यायला तयार आहे त्याला. ९,९९९ पण खरे. हिशोब करून बघा, ९ टक्क्यांनी ७ वर्षं धरली तर या हप्त्यात कर्ज मिळतं साधारण ६ लाख २० हजार. तीच बेस गाडी रस्त्यावर यायला पावणेनऊ लाख लागतात, म्हणजे वरचे अडीच लाख आधी रोख मोजा. तिन्ही आकडे एकाच वेळी लागू होतील असा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात सापडणार नाही, पण तिन्ही एकाच पानावर छापलेत.

तर बेस व्हेरियंट मागितला. "सर तो येतच नाही हो, सहा-सात महिने वेटिंग आहे, मधला बघा ना, हा उभाय." मधल्याचं कोटेशन हातात आलं ते असं:

एक्स-शोरूम ८,९९,०००
आरटीओ ९८,८९०
इन्शुरन्स ४७,५००
इसेन्शियल किट १८,०००
एक्स्टेंडेड वॉरंटी १६,०००
लॉजिस्टिक / हँडलिंग ७,५००
रजिस्ट्रेशन व इतर २,८००
फास्टॅग ६००
एकूण १०,९०,२९०

म्हणजे साडेसातची गाडी दारात येईपर्यंत अकराला टेकली. यात आरटीओ ठीक आहे, महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, ते कोणी टाळू शकत नाही. पण बाकीचं? इसेन्शियल किटमध्ये काय काय आहे विचारलं तर मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर आणि "परफ्यूम सर". परफ्यूम इसेन्शियल!

कोणाला काय काय अनुभव आलेत ते लिहा. आणि कोटेशनमधलं नक्की काय काय कापून मागता येतं तेही सांगा.

---

चष्मिष

वाचतोय. आमच्याकडे पण हाच घोळ चालू आहे.

---

कोकणकन्या_रत्नांग्री

नारायणराव, इन्शुरन्सचे ४७ हजार सरळ कापा. शोरूमवाल्याकडूनच विमा घ्यायची सक्ती नाही, कुठूनही घेता येतो. यातला थर्ड पार्टीचा भाग सरकार ठरवतं, नवीन गाडीला ३ वर्षांचा एकदम घ्यावा लागतो (२०१८ च्या सप्टेंबरपासून, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने), आणि १००० ते १५०० सीसीला तो १०,६४० रुपये, जिथून घ्याल तिथे तेवढाच. त्यामुळे घासाघीस करायची ती उरलेल्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान) आणि झिरो डेपसारख्या (झीज न कापता भरपाई) अ‍ॅडऑनवर. मी तीच कंपनी, तेच अ‍ॅडऑन, तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ऑनलाइन टाकून स्क्रीनशॉट दाखवला, तर समोरचा मॅनेजरकडे जाऊन आला आणि चौदा हजार कमी झाले. म्हटलं आता हे चौदा हजार आधी कोणाचे होते?

फक्त आयडीव्ही बघून घ्या, ती खाली पाडून प्रीमियम स्वस्त दाखवतात. नव्या गाडीची एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते.

---

कोल्हापुरी_रांगडा

आमच्याकडं तर वेगळीच तऱ्हा. जाहिरातीत "एक्स्चेंज बोनस ४०,०००". मी आपली जुनी हॅचबॅक घेऊन गेलो, बाहेर तिला सव्वादोन लाख देणारा गिऱ्हाईक उभा होता. ह्यांच्या माणसानं बॉनेट उघडलं, चारी बाजूनं फिरला, दार दोनदा आपटून बघितलं आणि म्हणाला, दीड. म्हटलं भावा बोनस? तर म्हणे दीड अधिक चाळीस, एक नव्वद. म्हणजे बोनस देऊन पण पस्तीस हजार माझ्याच खिशातनं काढले. आवळा देऊन कोहळा काढायचा ह्यो धंदा. गाडी बाहेर विकली आन मगच नवी घेतली.

---

स्पष्टवक्ता_सदाशिवपेठ

मला एक कळत नाही, चांदणी आहे, खाली लिहिलंय, वाचता येतं. मग फसवणूक कुठे झाली? चितळ्यांकडे एकच्या आधी पोचायचं हे जसं पूर्वी ज्याचं त्याला कळायचं तसंच ऑन-रोड म्हणजे एक्स-शोरूमवर पंधरा-वीस टक्के हे आता शाळकरी पोराला कळतं. लोकांनाच "किती डिस्काउंट" हा एकच प्रश्न विचारायचा असतो, मग ते पण डिस्काउंटचाच आकडा मोठा छापणार.

---

अ‍ॅड_अवांतर

@स्पष्टवक्ता, खाली लिहिलं म्हणजे सुटले असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, त्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं पण येतं. त्याच कायद्याखाली २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं, त्यांना पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि परत केलं तर ५० लाखांपर्यंत दंड लावता येतो. आणि ९ जून २०२२ ला त्यांनी जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती नारायणरावांच्या जाहिरातीला शब्दाशब्दाने लागतात. डिस्क्लेमर मुख्य दाव्याच्या विरोधात जाऊ शकत नाही, महत्त्वाची गोष्ट लपवायला वापरता येत नाही, आणि दावा ज्या भाषेत त्याच भाषेत पाहिजे. मराठी जाहिरातीच्या खाली इंग्रजीत तळटीप हे तर रोज बघतो आपण.

आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींवर वेगळं कलम आहे. ज्या किमतीत विकायची वाजवी शक्यताच नाही, पुरेसा माल नाही, ती किंमत दाखवून माणसाला दुकानात आणायचं नाही. "बेस व्हेरियंट येतच नाही" हे वाक्य सेल्समनने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं तर जपून ठेवा.

निकालही होतात. केरळात त्रिशूरच्या ग्राहक आयोगाने २०२२ च्या शेवटी फोर्डच्या डिझेल गाडीबद्दल निकाल दिला, जाहिरातीत लिटरला ३२ किलोमीटर, आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाने चालवून पाहिली तर १९ च्या वर थोडं. भरपाई आणि खर्च मिळून ३ लाख १० हजार. गाडी २०१४ ची होती, म्हणजे किती वर्षं लागली ते तुम्हीच मोजा.

---

चष्मिष

मायलेजचा विषय निघालाय तर लिहितोच. मी पुण्यात एआरएआयच्या (गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था) टेकडीखालीच राहतो आणि धंद्यानेही गाड्यांशीच संबंध आहे. जाहिरातीतलं "२४ किमी प्रति लिटर" येतं कुठून? गाडी रस्त्यावर जातच नाही, रोलरवर उभी करतात, ठरलेल्या सायकलप्रमाणे वेग वाढवायचा कमी करायचा, कमाल ९० पर्यंत, एसी बंद. वारा नाही, कात्रजचा घाट नाही, मागे बसलेली सासुरवाडी नाही. ही चाचणी वाईट नाहीये, दोन गाड्यांची आपसात तुलना करायला उत्तम आहे, पण जाहिरातवाले तो आकडा असा छापतात जणू तुम्हाला तेवढं मिळणार. मी माझ्यापुरतं २५-३० टक्के वजा करून धरतो.

इलेक्ट्रिकमध्येही तेच. एमआयडीसी रेंज, म्हणजे चाचणीत एका चार्जवर गाठलेलं अंतर (एमआयडीसी आपली भोसरीची नाही, चाचणीच्या सायकलचं नाव), नेक्सॉन ईव्हीच्या ४५ किलोवॅटवाल्या बॅटरीला ४८९ किमी, आणि टाटा स्वतःच सी७५ (७५ टक्के ग्राहकांना मिळेल अशी रेंज) म्हणून दुसरा आकडा देते तो साडेतीनशेच्या थोडा वर. दुसरा आकडा देतात हे चांगलंच आहे, बाकीच्यांनी पण द्यावा, पण होर्डिंगवर कुठला असतो ते सांगायला नको.

आणि आकड्यांच्या खोटेपणाची परमावधी बघायची तर फोक्सवॅगन. अमेरिकेत "क्लीन डिझेल" म्हणून वर्षानुवर्षं जाहिराती केल्या आणि सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालं की सॉफ्टवेअरला चाचणी चालू आहे हे ओळखता यायचं, तेवढ्यापुरता धूर स्वच्छ, रस्त्यावर आली की घाण. जगभरात १ कोटी १० लाख गाड्या. भारतातल्या गाड्या इथे आमच्या टेकडीवरच तपासल्या, त्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड सुनावला, त्यावर कंपनी सुप्रीम कोर्टात गेली आणि कारवाईला स्थगिती मिळाली. तेव्हा ज्यांनी "पर्यावरणाचा विचार करून" डिझेल घेतली त्यांनी कोणती तळटीप वाचायला हवी होती, स्पष्टवक्ता साहेब?

---

स्पष्टवक्ता_सदाशिवपेठ

फोक्सवॅगन मान्य. तो सरळ दरोडा होता. परफ्यूम किटला दरोडा म्हणायला मी अजून तयार नाही.

---

एकेकाळचा_सेल्सवाला

बराच वेळ नुसतं वाचत होतो, राहवलं नाही. मी काही वर्षं एका मोठ्या डीलरकडे फ्लोअरवर होतो (नाव विचारू नका, सांगणार नाही). आता वेगळ्या धंद्यात आहे त्यामुळे मोकळेपणी लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्यासमोर बसलेल्या पोराला शिव्या देऊ नका. त्याचा पगार तुमच्या ड्रायव्हरपेक्षा कमी असतो. गाडीच्या किमतीत डीलरला सुटतं थोडं, खरी कमाई विमा, कर्ज, अ‍ॅक्सेसरीज आणि वॉरंटी यात. आमच्या इन्सेंटिव्हचा तक्ता पण तसाच होता, नुसती गाडी विकली तर चिल्लर, बरोबर विमा नि फायनान्स नि किट लावलं तर बरे पैसे. त्यामुळे "किट घ्यावंच लागेल, सिस्टीममध्ये कंपल्सरी आहे" हे वाक्य आमच्याकडून पाठ करून घेतलेलं असायचं. सिस्टीममध्ये तसं काही नसतं. कोटेशनमधून किट आणि वॉरंटी दोन्ही काढता येतात, वॉरंटी नंतरही घेता येते. हँडलिंग तर पहिलं काढायला लावा. गाडी आमच्या यार्डातून आमच्या शोरूमला आणायचे पैसे तुम्ही का द्यायचे? आम्ही अडीच मिनिटं ताणायचो आणि मग "मॅनेजरशी बोलून स्पेशल केस" म्हणून काढायचो.

"रजिस्ट्रेशन व इतर" ही ओळ पण फोडून मागा. खासगी गाडीची नोंदणी फी ६०० रुपये, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००. कर्ज न काढता २,८०० लावले असतील तर विचारा कशाचे. टॅक्सची पावती सरकारी असते, डिलिव्हरीच्या वेळी ती मागा आणि कोटेशनशी ताडून बघा.

दुसरं कर्ज. "५.९९ टक्के" दिसलं की विचारायचं फ्लॅट (व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) का रिड्युसिंग (फक्त उरलेल्या रकमेवर). ८ लाख, ५ वर्षं, फ्लॅट ६ टक्के म्हणजे व्याज २ लाख ४० हजार, हप्ता १७,३३३. बँकेच्या भाषेत हाच दर पावणेअकराच्या वर जातो. आता १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जाला एक माहितीपत्रक सक्तीचं केलंय, त्यात प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून वार्षिक दर लिहावा लागतो. तो कागद सही करायच्या आधी मागा, आम्ही सगळ्या सह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध ठेवायचो.

तिसरं डिस्काउंट. २०२५ च्या सप्टेंबरात मी निघायच्या बेतात होतो तेव्हाची गंमत. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार हे जाहीर झालं, त्यामुळे गिऱ्हाईक थांबलं. त्यात पितृपंधरवडा लागला, म्हणजे आधीच कोण गाडी घेत नाही. यार्ड भरलेलं, स्टॉकवर व्याज चालू. मग "जीएसटी बचत आजच घ्या" असे बॅनर लागले, प्रत्यक्षात तो आमचा नेहमीचाच कॅश डिस्काउंट होता, नाव बदललेला. २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि नवीन दर एकाच दिवशी, छोट्या पेट्रोल गाड्यांचा कर सेससकट २९ चा १८ झाला, एक्स-शोरूम साडेआठ टक्क्यांनी उतरली. ती बचत खरी होती, कंपनीने पूर्ण दिली. पण ज्या मॉडेलवर आधी तीस हजार कॅश सुटायचे ते गुपचूप बंद झाले आणि बॅनरवर मात्र पूर्ण बचतीचा आकडा. गिऱ्हाईक खूष. त्याला आधीचे तीस हजार माहीतच नव्हते.

---

मृण्मयी_के

सेल्सवाले दादा, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून नवऱ्याच्या पाकिटात ठेवते.

एक भर घालते, "५ स्टार सेफ्टी". भारत एनकॅप (गाडी आपटून तारे देणारी आपली सरकारी चाचणी) ऑक्टोबर २०२३ पासून आहे आणि चाचणीला गाडी द्यायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. निकालाच्या पत्रकात कुठले व्हेरियंट धरलेत ते लिहिलेलं असतं, मोठ्यांचे तारे वेगळे नि मुलांचे वेगळे. जाहिरातीत एकच मोठा "५" दिसतो आणि बाजूला लेन असिस्टवाला सीन, जो फक्त टॉप मॉडेलला. आम्ही मुलीसाठी म्हणून बघत होतो तर शोरूममध्ये आयसोफिक्स (मुलांची सीट अडकवायचे हूक) कुठे आहे हे दाखवायलाच कोणाला येईना, सीटच्या फटीत हात घालून मीच शोधलं.

---

डॅलसकर

इकडे अमेरिकेत काही वेगळं नाही हो. १९५८ च्या कायद्याने नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद चिकटवावाच लागतो, त्यात डेस्टिनेशन चार्ज पण वेगळा लिहिलेला. तरी आत गेलं की डॉक फी (कागदपत्रांचा खर्च), नायट्रोजन भरलेले टायर, पेंट प्रोटेक्शन, आणि कोविडनंतर तर "मार्केट अ‍ॅडजस्टमेंट" म्हणून हजारो डॉलर. फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये नियम आणला होता की जाहिरातीत पूर्ण किंमत सांगा आणि निरुपयोगी अ‍ॅडऑन गळ्यात मारू नका. डीलर संघटना कोर्टात गेल्या, त्यात आमची टेक्ससवाली पुढे, आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील कोर्टाने नियमच रद्द केला, का तर नियम करायच्या आधीची एक नोटीस द्यायची राहिली. तुमच्याकडे निदान नियम कागदावर उभा आहे.

---

विदर्भवीर

जुन्या गाडीचं तर बोलूच नका भाऊ. "सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी, ३२ हजार किलोमीटर". पेडलचा रबर पाहिला तर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकून राहिलं, आणि म्हणे बत्तीस हजार. नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो, तिथल्या नोंदीत दोन वर्षांपूर्वीच ७१ हजार. सगळ्या जुन्या गाड्या डॉक्टरच्याच कशा असतात बे?

---

कोकणकन्या_रत्नांग्री

@विदर्भवीर 😂 आमच्याकडे मास्तरांच्या असतात.

---

निवांत_नारायण

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल परत गेलो. कोटेशन ओळ-ओळ फोडून मागितलं, व्हेरियंटचं पूर्ण नाव, रंग आणि "ही रक्कम अमुक तारखेपर्यंत वैध" असं लिहून शिक्का मारून. किट गेलं, वॉरंटी गेली, हँडलिंगवर "स्पेशल केस" तंतोतंत झाली, मी मेहुण्याकडे बघितलंच नाही, हसू आलं असतं. विमा बाहेरून घेतो म्हटल्यावर "मग कॅशलेस मिळणार नाही" अशी भीती घातली. हे खरं आहे का?

आणि बेस व्हेरियंटबद्दल लेखी मागितलं तर ते मात्र द्यायला तयार नाहीत. तोंडी सहा महिने, कागदावर काही नाही.

---

अ‍ॅड_अवांतर

कॅशलेस विमा कंपनी आणि गॅरेज यांच्यातल्या करारावर असतं, पॉलिसी कोणी विकली त्यावर नाही. तुम्ही जी कंपनी निवडाल तिच्या नेटवर्कच्या यादीत तुमचं वर्कशॉप आहे का ते बघून घ्या म्हणजे झालं.

लेखी देत नसतील तर तुम्ही ईमेल करा, "आपण आज असं सांगितलंत" म्हणून, डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला दोघांना. उत्तर नाही आलं तरी ते पत्र तुमच्याकडे राहतं. पुढे १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार, बऱ्याचदा तिथेच हलतं प्रकरण. जाहिरातीचं कात्रण तारखेसकट ठेवा. आयोगात जायची वेळ आलीच तर जिथे राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला फी ४०० रुपये, वकील लागतोच असं नाही (आमच्या पोटावर पाय, पण खरं आहे).

---

चष्मिष

सेल्सवाले, एक राहिलं. गाडी नक्की कुठल्या महिन्यात बनलेली आहे हे कसं ओळखायचं? आमच्याकडे जानेवारीत "नवा स्टॉक" म्हणून जी दाखवली तिच्या सीटच्या प्लास्टिकवर चांगली धूळ होती.

---

एकेकाळचा_सेल्सवाला

फॉर्म २१ म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष लिहावा लागतो, पण तो हातात येईपर्यंत पैसे गेलेले असतात. म्हणून बुकिंगच्या कागदावरच "उत्पादन वर्ष अमुक" लिहून घ्या आणि पूर्ण रक्कम भरायच्या आधी यार्डात जाऊन तीच गाडी बघा, चॅसी नंबरचा फोटो काढा. बहुतेक कंपन्यांच्या चॅसी नंबरात दहावं अक्षर वर्षाचं असतं, आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५. टायरवर पण चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. टायर गाडीच्या थोडे आधी बनतात, त्यामुळे महिना-दोन महिने इकडेतिकडे चालेल, वर्षभराचा फरक दिसला तर विचारा.

जुनी असली तरी घ्यायला हरकत नाही हां. गेल्या वर्षीचा स्टॉक काढायला डीलर उतावीळ असतो, फक्त ते माहीत असून घ्या आणि पुरते पैसे कमी करून घ्या. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत गेलात तर तुमच्यापेक्षा त्यालाच घाई असते.